पुरलेला हालेलुया

व्हर्ना प्रुइटला निवांत बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस आमच्या गावात सापडणं कठीण. शाळेची बस चालवताना बसायची तेवढीच, आणि तिथंही डोळे आरशात आणि एक हात मागच्या पोरांना दटावायला मोकळा. रविवारी चर्चमध्ये तर विचारूच नका. फादर प्रवचनाला उभे राहिले की ही मागच्या दारानं सटकणार, हॉलमधल्या कॉफीचं भांडं तापतंय का बघणार, परत येऊन बाकावर टेकते न टेकते तोच कुणाच्या तरी पोराचं नाक पुसायला पुन्हा उठणार. तिचा नवरा ऑरिन म्हणायचा, "ही आपणहून खुर्चीत बसली ना, की मी आधी डॉक्टरला फोन करणार."

आमचं सेंट बार्नबस म्हणजे मेरीलँडच्या खाडीकाठचं लहानसं एपिस्कोपल चर्च. मागं स्मशान, स्मशानाच्या मागं धक्का, धक्क्याच्या पुढं नदी. चर्चमधलं पोराबाळांचं जे काही असेल ते सगळं व्हर्नाच्या गळ्यात होतं: संडे स्कूल, मोठ्या पोरांचा दृढीकरणाचा, म्हणजे बिशपपुढं श्रद्धा जाहीर करायच्या विधीचा वर्ग, नाताळचं नाटक, लेंटच्या उपासाआधीचं पॅनकेकचं जेवण. तिला हे काम कुणी दिलं होतं हेसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. पण पलीकडच्या मेथडिस्ट चर्चवाल्यांनी अंगणात बास्केटबॉलचं मैदान केलं, दर बुधवारी पिझ्झा सुरू केला, आणि आमची पोरं एकेक करून तिकडं पाझरली. त्या वर्षी व्हर्नाकडे आठ उरली होती.

त्यांत सगळ्यांत मोठी टॅमसिन डाइझ, पंधरा वर्षांची. तिचा बाप रोलंड हिवाळ्यात कालवं काढायला नदीच्या मुखाशी जायचा. डिसेंबरात एका सकाळी त्याची बोट पाण्यावर तरंगणाऱ्या लाल खुणेच्या पिंपाजवळ, लाल बोयाजवळ, सापडली. इंजिन चालू, बोट स्वतःभोवती गोल फिरतेय, आणि रोलंड नाही. किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या. काही मिळालं नाही. टॅमसिनच्या आईनं, लोरेटानं, फादरना तोंडावर सांगितलं, "माणूस सापडल्याशिवाय मी त्याचा अंत्यविधी होऊ देणार नाही." त्यानंतर तिच्यासमोर रोलंडचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. ती दर रविवारी येऊन हॉलमध्ये कॉफी ओतायची आणि लोक तिच्याशी हवापाण्याचं बोलायचे.

टॅमसिन मात्र बोलेनाशीच झाली. यायची, बसायची, जायची. मे महिन्यात बिशप येणार होते आणि दृढीकरणासाठी उभी राहील अशी ती एकटीच मुलगी होती. पण बिशपचं सोडा, व्हर्नाला खरी धास्ती वेगळीच होती. पोरगी आतून दार लावून घेतेय आणि एके दिवशी ते कायमचं लागेल, हे तिला दिसत होतं. ही पोर हातची जाऊ द्यायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कशी जाऊ द्यायची नाही, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

त्यात जानेवारीतल्या त्या वर्गानं घोळ केला. पोरं गप्प बसली होती, आणि गप्प वर्ग व्हर्नाला सोसत नाही. ती बोलत सुटली. नाताळावरून बाप्तिस्म्यावर, बाप्तिस्म्यावरून अंत्यविधीवर. "आपली एक गोष्ट लक्षात ठेवा," ती म्हणाली, "आपण थडग्याच्या काठावर उभं राहूनसुद्धा हालेलुया म्हणतो. रडत म्हणू, नाक ओढत म्हणू, पण म्हणतो."

बोलून गेल्यावर तिची नजर टॅमसिनवर पडली आणि तिनं जीभ चावली.

टॅमसिननं महिन्याभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. "आणि थडगंच नसलं तर?"

व्हर्ना उभीच होती, तरी आणखी उठल्यासारखी झाली. "अं... बरं, पॅनकेकला पीठ किती लागेल ते आधी बघू या," असं म्हणून ती कपाटाकडे वळली. पिठाचं कपाट उघडून आत डोकं घालून ती बराच वेळ उभी राहिली. त्या दिवसापासून तिच्या छातीत एक काटा रुतून बसला. ह्या पोरीनं एकच प्रश्न विचारला आणि आपण तिला पीठ मोजायला लावलं.

आता आमच्याकडची रीत. लेंटच्या त्या लांबलचक उपासाच्या काळात आमच्या चर्चमध्ये हालेलुया हा देवाच्या स्तुतीचा शब्द उच्चारायचा नाही. गाण्यात नाही, प्रार्थनेत नाही. म्हणून लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी पोरं एका कापडावर तो रंगवतात, कालवांच्या पत्र्याच्या डब्यात घालतात आणि स्मशानाच्या कोपऱ्यातल्या सीडरच्या झाडाखाली पुरतात. पुरताना बाकीच्यांनी चर्चच्या दाराकडे तोंड करून उभं राहायचं. फावडं सगळ्यांत मोठ्या पोराच्या हातात. ईस्टरच्या सकाळी तो डबा वर काढायचा, कापड काठीला बांधून नाचवत आत न्यायचं, आणि मग काय, ज्याला गाता येत नाही तोसुद्धा त्या दिवशी हालेलुया म्हणून घसा फोडून घेतो.

आमच्या चर्चमध्ये इंग्रजीत तो 'Alleluia' असा लिहितात, म्हणजे अक्षरं आठ, आणि त्या वर्षी पोरंही आठच. प्रत्येकाला एकेक अक्षर. सहा वर्षांच्या पोझीनं आपल्या अक्षराच्या पोटात खेकडा काढला. कुणी बगळा, कुणी बापाचा पिकअप ट्रक. शेवटचं अक्षर टॅमसिनचं. तिनं पेन्सिलीनं नुसती बाहेरची रेघ काढली आणि ब्रश धुऊन ठेवला.

"रंग संपला का गं?" व्हर्नानं विचारलं.

"नाही."

"मग भर की. हा निळा घे."

"असू दे ना, मिस व्हर्ना."

व्हर्नाची बोटं शिवशिवली, पण तिनं डब्याचं झाकण लावलं. टॅमसिननं सीडरखाली खड्डा खणला, डबा पुरला आणि फावड्याच्या पाठीनं माती थोपटली.

लेंट सुरू झाला आणि व्हर्नाच्या जिवाला घोर लागला. टॅमसिन दोन रविवार आलीच नाही. तिसऱ्या रविवारी आली तेव्हा हात सोललेले, तळव्याला फोड. व्हर्नानं विचारलं तर म्हणाली, "वल्ही मारली." पुढं काही नाही. व्हर्ना घरी गेली की भांडी घासलेली पुन्हा घासायची. बसमध्ये टॅमसिन चढली की आरशात तिच्याकडे इतकं बघायची, की एकदा वळणावर बस खांबाला लागता लागता राहिली.

आता व्हर्नाची एक खोड आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती, ऑरिन सोडून. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती दरवर्षी गुपचूप जाऊन सीडरखालची माती उकरायची. डब्यात पाणी तर गेलं नाही ना, कापड कुजलं तर नाही ना. बघून झालं की पुन्हा होतं तसं करून ठेवायची. देवावर विश्वास होता तिचा, पण पत्र्याच्या झाकणावर नव्हता.

त्या शनिवारी तिनं उकरलं. वीतभर खाली गेली, हातभर खाली गेली. बाजूला उकरलं, पलीकडे उकरलं. सीडरच्या मुळ्या लागल्या. डबा नव्हता.

पहिला विचार आला तो असा, की हे टॅमसिनचं काम. रागानं केलंय. थडगं नसलेल्या पोरीपुढं आपण थडग्याच्या गोष्टी केल्या, त्याची ही परतफेड. आणि दुसरा विचार लगेच त्याच्या पाठीवर. उद्या सगळ्या चर्चदेखत खड्डा रिकामा निघाला, तर पुरणारी कोण होती हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळणार. आणि मग ती पोरगी पुन्हा ह्या दारात पाऊल ठेवणार नाही.

व्हर्ना तशीच, गुडघ्यांना माती लागलेली, घरी गेली आणि गॅरेजमध्ये चादर अंथरून रंगाचे डबे उघडून बसली. बसली कुठली, ओणवी झाली. कुठल्या पोराचं कुठलं अक्षर, कुणाच्या अक्षरात काय, हे तिला तोंडपाठ होतं. पोझीचा खेकडा तिनं मुद्दाम पोझीसारखा काढला, एका नांगीला तीन बोटं.

ऑरिन दारात येऊन उभा राहिला. "काय चाललंय?"

"दिसत नाही का? चादर रंगवतेय."

"दिसतंय. का ते विचारतोय."

तिनं सांगितलं. ऑरिननं टोपी काढून डोकं खाजवलं. "अगं, रिकामा तर रिकामा. उद्याचा सणच येशूच्या रिकाम्या थडग्याचा आहे ना? मग त्यात एवढं काय बिघडतंय?"

"तुला काय जातंय बोलायला? उद्या सगळे त्या पोरीला खातील."

"आणि तिनं खरंच घेतलं असेल, तर हे बघून तिला काय वाटेल?"

"वाटेल की आपण तिला सांभाळून घेतलं," व्हर्ना म्हणाली. "बाजूला हो, उजेड अडतोय."

शेवटच्या अक्षराशी ती आली. पेन्सिलीची रेघ काढली. आत नुसतं पांढरं. ते पांढरं तिच्याकडे बघत राहिलं. टॅमसिननं ते तसंच ठेवलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. पण हातात ब्रश, ब्रशात निळा रंग, आणि समोर रिकामी जागा. तिनं ते अक्षर काठोकाठ भरलं, आणि भरल्यावर जरा बरं वाटलं. मग कापड जेमतेम सुकतंय तोवर दुसरा डबा शोधून, आत घालून, जाऊन पुरून आली.

ईस्टरची सकाळ उजाडली ती वाऱ्याची. सगळं चर्च स्मशानात उभं, बायकांनी टोप्या हातानं धरलेल्या. पोरं खड्ड्याभोवती. टॅमसिनही आली होती, आणि व्हर्नाला नवल वाटलं ते हे, की तिनं केस नीट विंचरले होते आणि बापाचं जाकीट घातलं होतं. बाह्या चार बोटं लांब. ती खड्ड्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, काहीतरी पाठ करत असल्यासारखे.

पोरांनी उकरायला घेतलं आणि फावडं टणकन पत्र्यावर वाजलं. टॅमसिन एकदम ताठ झाली.

पोरांनी डबा काढला, झाकण उपटलं, कापड ओढलं. आणि पोझी ओरडली, "टॅमसिनचं अक्षर भरलं!"

"कुठं?"

"हे बघ ना! पुरलं तेव्हा पांढरं होतं. जमिनीतच भरलं!"

पोरांची एकच झुंबड उडाली. रंग अजून ओलसर होता, तो हातांना लागला, तरी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. निळी बोटं एकमेकांना दाखवत ती नाचू लागली. फादर एल्स्टन आमच्याकडे नवेच होते, त्यांना तर हे आयतंच मिळालं. आत गेल्यावर प्रवचनाचे कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, "मातीत काय घडतं ते आपल्याला कुठं कळतं? आज ह्या लेकरांनी ते डोळ्यांनी पाहिलं." म्हाताऱ्या बायकांनी रुमाल काढले. व्हर्ना बाकावर बसून घामाघूम झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला उठावंसं वाटत होतं आणि उठायचा धीर होत नव्हता.

मग तिनं मागं वळून पाहिलं, तर टॅमसिनची जागा रिकामी.

व्हर्ना उठून बाहेर आली. धक्क्यावर टॅमसिन पाण्याकडे तोंड करून उभी होती.

"तुम्ही रंगवलंत ना?" तिनं मागं न बघता विचारलं.

"हो."

"माझं अक्षरसुद्धा."

"हो गं. हाताला राहवलं नाही." व्हर्ना भराभर बोलत सुटली. "मला कळलंय की तू घेतलंस. मी रागावले नाही. माझीच चूक होती, त्या दिवशी मी ते थडग्याचं बोलायला नको होतं, आणि मग तू विचारलंस तर मी..."

"मिस व्हर्ना, जरा गप्प बसता का?"

व्हर्ना गप्प बसली.

"तुम्हीच शिकवलंत ना, थडग्याच्या काठावर म्हणायचं. मग मी ते बाबाकडे नेऊन दिलं. होडी घेऊन गेले लाल बोयापाशी. डब्यात कालवांची शिंपलं भरली, बुडावा म्हणून." तिनं नदीकडे बोट केलं. "आज खड्डा रिकामा निघाला असता. कुणीतरी विचारलं असतं, कुठं गेलं. मग मी सांगितलं असतं. सगळ्यांसमोर. आईसमोर. रात्रंदिवस पाठ करतेय मी. घरी नाही सांगता येत तिला. तिच्यासमोर त्याचं नावच काढता येत नाही कुणाला. आज काढता आलं असतं." ती वळली. "आणि तुम्ही तो खड्डा भरून टाकलात."

ही पोर हातची चाललीय म्हणून तिनं जिवाचा आटापिटा केला होता, आणि आठ पोरांत तिचा शब्द खरा धरून चालणारी हीच एक निघाली. तिला आपली इतकी लाज वाटली, की डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंसुद्धा नाही.

"मी आत जाऊन तुझ्यावतीनं सांगते," ती म्हणाली.

"बघा, परत."

"काय परत?"

"परत तुम्हीच."

"बरं," ती म्हणाली. "माझं तेवढं मी सांगते. तुझं तू. आणि नाही सांगावंसं वाटलं, तरी चालेल."

चर्च सुटून लोक हॉलमध्ये आले होते. हॅम घातलेले छोटे पाव, मसाला भरलेली उकडलेली अंडी, आणि टेबलाच्या टोकाशी लोरेटा कॉफी ओततेय. कापड भिंतीवर टांगलेलं. व्हर्ना त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पोरांनो, इकडे बघा. हे जमिनीत भरलं नाही. हे मी रंगवलं. काल, माझ्या गॅरेजमध्ये. सगळंच मी रंगवलं. मी तुम्हाला फसवलं."

फादर एल्स्टन यांच्या हातातलं अंडं तोंडाच्या वाटेवरच राहिलं.

"खेकडासुद्धा?" पोझीनं विचारलं.

"खेकडासुद्धा."

"तरीच. माझा चांगला होता," पोझी म्हणाली. मग तिनं आपली निळी बोटं पाहिली. "मग आमचं खरं कुठाय?"

ते व्हर्नाला माहीत होतं. आणि आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, की व्हर्नाला उत्तर येत असेल तर प्रश्न पुरा व्हायच्या आत ती ते देते. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचा जबडा हलला. मग तिनं भिंतीजवळची एक घडीची खुर्ची ओढली, तीवर बसली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

तापल्या भांड्यात कॉफी खदखदत होती. व्हर्नाचा एक गुडघा थडथडत होता, तो तिनं दुसऱ्या पायानं दाबला. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी "असेल बुवा कुठंतरी" म्हणून विषय मिटवायला बघितलं. तरी ती बोलली नाही.

"बाबाकडे आहे," दारातून टॅमसिन म्हणाली.

लोरेटाच्या हातातल्या भांड्याची धार कपाबाहेर गेली.

"मी नेऊन दिलं," टॅमसिन म्हणाली. पाठ केलेलं सगळं ती विसरली असावी, कारण पुढं नुसतं एवढंच आलं, "रोलंड डाइझकडे. त्याच्यासाठी कुणी हालेलुया म्हटलं नव्हतं ना, म्हणून."

लोरेटानं भांडं खाली ठेवलं. टेबलावरची कॉफी पुसायला फडकं घेतलं आणि पुसलं नाही. डिसेंबरापासून त्या बाईच्या तोंडून नवऱ्याबद्दल आम्ही एक शब्द ऐकला नव्हता.

"कुठे?" तिनं विचारलं.

"लाल बोयापाशी. बोट होती तिथं."

"म्हटलंस तू?"

"म्हटलं."

"एकटीच?"

टॅमसिननं होकाराची मान डोलावली. लोरेटानं खुंटीवरचा कोट काढला, एक बाही घातली, दुसरी सापडेना. टॅमसिननं ती धरून दिली. दोघी दारातून बाहेर पडल्या आणि स्मशानातून धक्क्याकडे निघाल्या.

पोझी व्हर्नाच्या खुर्चीशी आली. "आपण पण जायचं?"

व्हर्ना अर्धी उठली. टॅमसिनची होडी हलकी होती, वारा सुटला होता, आणि त्यांच्याकडे जास्तीची वल्ही आहेत का हेसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. मग ती पुन्हा खाली बसली. "नाही," ती म्हणाली. "ते त्या दोघींचं आहे."

ऑरिन कॉफीचा कप घेऊन आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिला तसं खुर्चीत बसलेलं त्यानं जरा वेळ पाहिलं.

"डॉक्टरला फोन करू?"

"नको," व्हर्ना म्हणाली. "तूही बस."

तो बसला. खिडकीतून धक्का दिसत होता. लोरेटानं दोर सोडला, तो चुकीच्या बाजूनं सोडला, होडी एकदा खांबाला आदळली, आणि मग टॅमसिननं वल्ही पाण्यात घातली.